पोटातल्या जिवाणूंचं घरपोच टेस्ट किट: लेकराच्या ॲलर्जीसाठी घ्यावं का?

आधी रेटिंग सांगते, ५ पैकी २. एक स्टार पॅकिंगला आणि एक रिपोर्ट सांगितलेल्या वेळेत आला म्हणून. ज्या कामासाठी हे किट विकतात, म्हणजे लहान मुलांच्या ॲलर्जीचं मूळ पोटात शोधून देणं, त्या कामाला माझ्याकडून शून्य. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण अशी किटं विकणारे बरेच आहेत आणि मी बाकीच्यांचे सॅम्पल रिपोर्टही बघितले, साचा सगळ्यांचा तोच, त्यामुळे एकालाच धरून बोलण्यात अर्थ नाही.

आम्ही सोलापूरचे, जुळे सोलापुरात राहतो. मुलगा पावणेतीन वर्षांचा. चौथ्या महिन्यात गालावर लाल खरबरीत चट्टे आले, मग ते कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या घडीत उतरले, रात्री झोपेत इतकं खाजवायचा की सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. डॉक्टरांनी इसब सांगितला, म्हणजे एक्झिमा. पुढं अंडं दिलं तर तोंडाभोवती गांधी उठल्या, आणि थंडी पडली की छातीत घरघर. माझ्या भावाला लहानपणी दमा होता, मला धुळीच्या शिंका, म्हणजे घराण्यातच आहे. हे सगळं बघून त्याच भावानं, म्हणजे पुण्याच्या मामानं, भाच्यासाठी हे किट ऑर्डर करून पाठवलं. किंमत सात हजाराच्या आसपास. त्याच्या ऑफिसात कुणीतरी सांगितलेलं की मुलांच्या ॲलर्जीचं मूळ आतड्यातल्या बॅक्टेरियात असतं. आणि हे सांगणं खोटं नाहीये, म्हणून तर एवढं सविस्तर लिहायला बसले, निव्वळ थाप असती तर दोन ओळीत संपवलं असतं.

किट कसं आहे ते सांगते. पुठ्ठ्याचा छान डबा, आत एक जाड प्लॅस्टिकची ट्यूब, तिच्या जांभळ्या झाकणाला आतून छोटा चमचा जोडलेला, ट्यूबमध्ये तळाला पाण्यासारखं लिक्विड, हातमोजे, कुरिअरची पिशवी आणि कमोडला चिकटवायचा एक कागद. हा कागद मोठ्या माणसासाठी आहे, पावणेतीन वर्षांचं पोरगं त्यावर बसणार कसं याचा विचार कुणी केलेला नाही, आणि डब्यावर मात्र हसऱ्या बाळाचा फोटो. आम्ही पॉटीत स्वच्छ पिशवी लावून काम भागवलं. चमच्यानं वाटाण्याएवढा नमुना घ्यायचा, झाकण लावायचं, लिक्विडमध्ये पूर्ण विरघळेपर्यंत ट्यूब हलवायची. सोपं आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती उन्हाची. माहितीपत्रकात छापलंय की नमुना १५ ते ३० डिग्रीत ठेवा. आता मे महिन्यात सोलापुरात ३० डिग्री कुठं असतं हो, बाहेर ४३, घरातसुद्धा कूलर लावून ३० च्या खाली येत नाही आणि कुरिअरची गाडी होटगी रोडवर दुपारी उभी असते तेव्हा तिच्या पत्र्याच्या आत काय होत असेल ते आपल्याला माहितीय. ते लिक्विड जिवाणूंची वाढ थांबवतं आणि डीएनए टिकवतं, हे मान्य, त्यासाठीच ते दिलेलं असतं. पण छापलेल्या तापमानाच्या वर गेलं तर काय, हे मी कस्टमर केअरला विचारलं. उत्तर आलं, काळजी करू नका मॅडम, सगळं सेफ असतं. मला सेफ नको होतं, मला आकडा पाहिजे होता, की इतक्या डिग्रीपर्यंत आम्ही तपासून बघितलंय आणि फरक पडत नाही. तो मिळाला नाही. विदर्भ, मराठवाडा, सोलापूर, उन्हाळ्यात अर्धा महाराष्ट्र असाच तापतो, तिथं किट विकताना एवढं तरी लिहून ठेवायला पाहिजे.

रिपोर्ट मोबाइलवर आला, पीडीएफ, पानंच्या पानं. हिरव्या, पिवळ्या, लाल पट्ट्या. वर मोठ्या अक्षरात डायव्हर्सिटी स्कोअर, म्हणजे पोटात किती वेगवेगळ्या प्रकारचे जिवाणू आहेत त्याचे गुण, खाली एकेका जिवाणूचं नाव आणि टक्के, आणि एका पानावर लाल चौकटीत ॲलर्जी रिस्क हाय. त्या चौकटीकडं बघून सासूबाई म्हणाल्या, अगं हे तर त्याच्या गालाकडं बघून मीबी सांगितलं असतं. आणि खरंच की, पोराला ॲलर्जी आहे म्हणून तर टेस्ट केली, फॉर्ममध्ये आम्हीच इसब आणि अंडं दोन्हीवर टिक केलेलं, मग तीच गोष्ट लाल चौकटीत परत देऊन नवीन काय कळालं?

आता शास्त्र. हे मी जरा खोलात जाऊन वाचलं आणि मला ते खरंच विलक्षण वाटलं, त्यामुळे इथं थोडा वेळ लागेल.

बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या आतड्यात जिवाणू नसल्यातच जमा. जन्म होताना आईकडून, मग दुधातून, हातांतून, घरातल्या हवेतून, भावंडांच्या पाप्यांमधून एकेक जाऊन वस्ती करतात. आईच्या दुधात काही साखरी अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत, त्या बाळासाठी नसतातच, त्या बायफिडोबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूंना खायला असतात. म्हणजे आई एकाच वेळी लेकराला पण पाजतीय आणि त्याच्या पोटातल्या जिवाणूंना पण. हे वाचलं तेव्हा मी दोन मिनिटं फोन खाली ठेवला. मग बाळ वरणभात, भाकरी, भाज्या खायला लागलं की दुसरे जिवाणू वाढतात, ते अन्नातला चोथा आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी त्या ब्युटिरेटवर जगतात, अस्तर घट्ट राहतं, आणि टी-रेग नावाच्या पेशी तयार व्हायला मदत होते. या टी-रेग पेशींचं काम म्हणजे शरीराच्या संरक्षण यंत्रणेला आवर घालणं, की हे दूध आहे, हे अंडं आहे, हे शत्रू नाहीत, अंगावर धावून जाऊ नको. हा आवर नीट बसला नाही की साध्या अन्नावर, धुळीवर, परागकणांवर शरीर भडकतं. त्यालाच आपण ॲलर्जी म्हणतो.

ही नुसती कल्पना नाही. कॅनडात ३१९ मुलांच्या शीचा अभ्यास झाला, २०१५ ला तो प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना पुढं दमा व्हायचा धोका जास्त होता त्यांच्या तिसऱ्या महिन्याच्या नमुन्यात चार प्रकारचे जिवाणू कमी सापडले, फीकॅलिबॅक्टेरियम, लॅक्नोस्पिरा, वेलोनेला आणि रोथिया. मग तेच चार जिवाणू उंदरांना दिले तर त्यांच्या पिल्लांच्या श्वासनलिकेतली सूज कमी झाली. शिकागोला कॅथरीन नॅग्लर यांच्या टीमचं काम त्याहून थेट. २०१९ साली त्यांनी निरोगी बाळांचे आणि दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळांचे जिवाणू वेगवेगळ्या उंदरांच्या पोटात सोडले, हे उंदीर पूर्ण निर्जंतुक वाढवलेले. मग त्यांना दुधातलं प्रोटीन दिलं. ॲलर्जीवाल्या बाळांचे जिवाणू ज्यांच्या पोटात होते ते उंदीर आजारी पडले, शरीराचं तापमान घसरलं, आणि निरोगी बाळांचे जिवाणू असलेले ठणठणीत राहिले. त्यातला एक जिवाणू, ॲनेरोस्टाइप्स काके, एकटा दिला तरी संरक्षण मिळालं, आणि हा ब्युटिरेट तयार करणाऱ्यांपैकीच.

म्हणजे पोट आणि ॲलर्जी यांचं नातं आहे, पक्कं आहे. किटवाले जाहिरातीत याच अभ्यासांचा आधार घेतात. पण त्याच अभ्यासांत किटच्या विरुद्ध जाणारी गोष्ट पण आहे आणि ती जाहिरातीत येत नाही. कॅनडातल्या मुलांमधला तो फरक तिसऱ्या महिन्यात ठळक होता, वर्षाचं होईपर्यंत तो बराचसा पुसला गेलेला. आणि साधारण तीन वर्षांचं होता होता मुलाच्या आतड्यातली वस्ती मोठ्या माणसासारखी व्हायला लागते. मग माझ्या पावणेतीन वर्षांच्या पोराच्या आजच्या नमुन्यावरून त्याच्या तिसऱ्या महिन्यात काय चुकलं ते कसं कळणार? गाडी गेल्यावर प्लॅटफॉर्मचा फोटो काढल्यासारखं आहे ते. शिवाय मागच्या चार दिवसांत काय खाल्लं, अँटिबायोटिक कधी झालं, जुलाब होते का, यानं आकडे हलतात. आणि ही टेस्ट जिवाणूंच्या एका ठराविक जीनचे तुकडे वाचून टक्के काढते, त्यातून जात साधारण कळते, पण नेमका वाण बऱ्याचदा कळत नाही, आणि एकूण किती आहेत ते तर नाहीच. एक जण वाढला की दुसऱ्याचा टक्का आपोआप खाली दिसतो, तो खरंच कमी झाला असं नाही.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे नॉर्मल काय ते ठरलेलं नाही. हिमोग्लोबिनचं कसं, आपल्याला माहितीय इतक्याच्या खाली गेलं तर कमी. जिवाणूंसाठी अशी रेषा कुठं आहे? सोलापुरात ज्वारीची भाकरी, शेंगा, ताक खाणाऱ्या पोराची तुलना नक्की कुठल्या मुलांशी केलीय हे मी रिपोर्टमध्ये शोध शोध शोधलं, फक्त 'हेल्दी रेफरन्स ग्रुप' एवढंच लिहिलेलं. देश, वय काहीच नाही. मोठ्या माणसांशी तुलना केली असेल तर सगळी मोजणीच वाया. या विषयातल्या तज्ज्ञांचं एक आंतरराष्ट्रीय निवेदन लॅन्सेटच्या गॅस्ट्रोच्या जर्नलमध्ये आलंय, २०२५ च्या अंकात, त्यात स्वच्छ म्हटलंय की डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय लोकांनी आपलं आपण मायक्रोबायोम टेस्ट, म्हणजे हीच पोटातल्या जिवाणूंची टेस्ट, करून घेऊ नये. किटच्या डब्यावर हे एका ओळीत जरी छापलं असतं तरी माझी इतकी चिडचिड झाली नसती.

बरं हे सगळं एक वेळ सोडून दिलं असतं. पैसे गेले, विषय संपला. पण रिपोर्टच्या शेवटी खाण्याची यादी होती आणि खरा राग तिथं आहे. खायला काय तर ब्लूबेरी, किमची, केफिर, ॲस्परॅगस. लक्ष्मी मार्केटमध्ये जाऊन मागून बघा. आणि बंद काय करा तर दूध, गहू आणि शेंगदाणे.

शेंगदाणे! सोलापूरच्या पोराचे! जो पोरगा आठव्या महिन्यापासून शेंगांचं बारीक कूट भाकरीच्या काल्यात खातोय, आता बिनतिखटाची शेंगाचटणी दह्यात कालवून बोट चाटून खातो, ज्याला कधी शेंगांनी पुरळसुद्धा उठलं नाही, त्याचे शेंगदाणे बंद करा म्हणे, का तर 'प्रिव्हेंटिव्ह'. आणि जगातलं संशोधन नेमकं उलटं सांगतंय. लंडनच्या किंग्ज कॉलेजचे गिडिओन लॅक यांच्या टीमनं २००८ ला दाखवलं की ब्रिटनमधल्या ज्यू मुलांमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांच्या साधारण दहापट आहे, आणि मोठा फरक काय तर इस्रायलमध्ये बाळं पहिल्या वर्षातच बाम्बा नावाचे शेंगदाण्याचे कुरकुरे खातात. मग त्यांनी ट्रायल घेतली, ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं, सगळ्यांना जोरदार इसब किंवा अंड्याची ॲलर्जी किंवा दोन्ही, म्हणजे अगदी माझ्या पोरासारखी. अर्ध्यांना शेंगदाणे पूर्ण बंद, अर्ध्यांना नियमित खायला. २०१५ ला निकाल आला. सुरुवातीला शेंगदाण्याची स्किन टेस्ट (कातडीवर टोचून बघतात ती) निगेटिव्ह असलेल्या बाळांत, ज्यांचं बंद होतं त्यांच्यातल्या १३.७ टक्के मुलांना पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली, आणि खाणाऱ्यांत फक्त १.९ टक्के. ही ट्रायल आल्यावर देशोदेशीचे सल्ले बदलले. आधी सांगायचे तीन वर्षं थांबा, आता सांगतात वरचं खाणं सुरू झालं की लवकर द्या.

असं का होतं तेही समजून घेण्यासारखं आहे. इसबात कातडी फाटलेली असते. घरात शेंगांचं कूट पाट्यावर, मिक्सरवर, हातावर, सगळीकडं असतं, तो कण फाटक्या कातडीतून आत गेला की शरीर त्याला शत्रू समजतं. तोच कण तोंडातून पोटात गेला की, आतड्यात जिवाणू आणि टी-रेग पेशी असल्यामुळे, शरीर त्याला ओळखीचा समजतं. म्हणजे घरात शेंगा आहेत पण पोराच्या तोंडात नाहीत, ही सगळ्यात वाईट स्थिती, आणि ही यादी नेमकं तेच करायला सांगत होती. इसबवाल्या मुलांचं नीट पचत असलेलं अन्न उगाच बंद केलं आणि नंतर परत दिलं तर पहिल्यांदाच जोरदार रिॲक्शन आल्याच्या नोंदी पण आहेत. जे पोट जिवाणूंच्या मदतीनं अन्नाशी जुळवून घ्यायला शिकतं, त्याच्या नावानं टेस्ट विकायची आणि सल्ला मात्र अन्न तोडायचा, हे मला अजिबात पटलेलं नाही.

(ज्यांची बाळं लहान आहेत त्यांच्यासाठी: अख्खा दाणा पाच वर्षांखाली देऊ नका, घशात अडकतो. कूट किंवा पातळ करून द्या. आणि बाळाला जोरदार इसब असेल किंवा अंड्याची ॲलर्जी दिसलेली असेल तर पहिल्यांदा शेंगा द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा, घरी प्रयोग नको.)

रिपोर्टसोबत 'फ्री एक्स्पर्ट कॉल' असतो. कॉल आला, बोलणाऱ्या ताई गोड बोलत होत्या, पण पाच मिनिटांत गाडी त्यांच्याच प्रोबायोटिक पावडरवर आली. महिन्याचा कोर्स, बारा प्रकारचे जिवाणू, अब्जावधी संख्या. मी विचारलं, कुठला वाण, आणि इसब असलेल्या मुलांत त्याची ट्रायल झालीय का? त्या म्हणाल्या, मॅम हे इम्युनिटीसाठी आहे. मी परत विचारलं. परत तेच.

प्रोबायोटिकची गोष्ट अशी आहे की सुरुवात खरंच आशा दाखवणारी होती. फिनलंडमध्ये २००१ ला घरात ॲलर्जी असलेल्या गरोदर बायकांना आणि मग बाळांना लॅक्टोबॅसिलस जीजी दिलं, दोन वर्षांनी इसबाचं प्रमाण निम्मं निघालं, ४६ टक्क्यांच्या जागी २३. सगळं जग खूश. मग जर्मनीत त्याच जिवाणूची तशीच ट्रायल झाली, २००८ ला निकाल, काही फरक नाही. आणि आधीच इसब झालेल्या मुलांचं काय, तर २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही वैद्यकीय पुरावे तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) सगळ्या ट्रायल एकत्र बघून निष्कर्ष काढला की प्रोबायोटिकनं इसबाच्या त्रासात फरक पडला तर अगदी थोडा, नाहीतर नाहीच. गरोदरपणात, घरात ॲलर्जी असेल तर इसब टाळायला उपयोग होऊ शकतो असं काही तज्ज्ञ अजून म्हणतात, पण तेही पुरावा कच्चा आहे हे सांगूनच. माझ्या पोराला झालेल्या इसबासाठी महिन्याला दोन-अडीच हजारांची पावडर घ्यावी असं यात कुठंच नाही. एका वाणाचं काम दुसऱ्याला लागू होत नाही हा यातला मुख्य मुद्दा आणि डब्यावर नेमका तोच लिहिलेला नसतो.

मग रिपोर्ट घेऊन आमच्या पोरांच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी पहिलं पान बघितलं, मोबाइल परत दिला आणि म्हणाले, "हे राहू द्या ताई, कातडी दाखवा." कोपराची घडी बघितली, क्रीम कसं लावता विचारलं, माझ्याच बोटावर काढून दाखवायला लावलं. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत जेवढी रेघ बसते तेवढी पट्टी, ती मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या कातडीला. मी त्याच्या निम्मंच लावत होते कारण स्टेरॉइड म्हटलं की सगळे घाबरवतात. मग मॉइश्चरायझर, दिवसातून दोनदा भरपूर, अंघोळ झाल्या झाल्या अंग ओलसर असतानाच. आंघोळ पाच-दहा मिनिटं, कोमट पाणी, फेसाळ साबण बंद. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, त्याबद्दल विचारलं, तर म्हणाले सॉफ्टनरवर पैसे घालू नका. नंतर बघितलं तर ब्रिटनमध्ये खरंच ट्रायल झालीय, २०११ ची, सॉफ्टनर लावून मुलांच्या इसबात फरक पडला नाही. अंड्यासाठी त्यांनी रक्तातली स्पेसिफिक आयजीई टेस्ट, म्हणजे ठराविक पदार्थाविरुद्धची ॲलर्जीची प्रतिपिंडं मोजणारी टेस्ट, सांगितली, तीसुद्धा फक्त अंड्याची, शंभर पदार्थांचं पॅनेल नाही, कारण संशय नसलेल्या पदार्थांच्या टेस्ट केल्या की खोटे पॉझिटिव्ह निघतात आणि आईबाप एकेक करून सगळं बंद करत सुटतात. अंड्याची ॲलर्जी बऱ्याच मुलांची मोठी होता होता जाते हेही सांगितलं, ऐकून बरं वाटलं.

पोटाबद्दल मी विचारलंच. तर ते म्हणाले, पोटासाठी काही करायचंच असेल तर सर्दीला अँटिबायोटिक मागू नका. हे मला लई महत्त्वाचं वाटलं. आपल्याकडं पोराला नाक गळायला लागलं की मेडिकलमधून आधीच्या वेळची बाटली परत आणतात, पाणी घालून हलवलं की झालं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात उलटं घडलं. २००० ते २०१४ मध्ये तिथं वर्षाच्या आतल्या बाळांना अँटिबायोटिक देणं निम्म्याहून कमी झालं, आणि त्याच काळात १ ते ४ वर्षांच्या मुलांमधला नवा दमा साधारण पाव हिश्श्यानं कमी झाला. २०२० ला हे प्रसिद्ध झालं, आणि त्याच संशोधकांनी मुलांच्या शीत बघितलं तर जोडणारा दुवा आतड्यातले जिवाणूच दिसले. अर्थात न्यूमोनिया असेल, डॉक्टरांनी तपासून दिलं असेल, तर अँटिबायोटिक पूर्ण द्यायचंच, तिथं जिवाणू जिवाणू करत बसायचं नाही.

सासूबाईंचं म्हणणं असं की गावाकडं गोठ्यात वाढला असता तर हे झालंच नसतं. आमचं गाव मोहोळ तालुक्यात, घरात अजून दोन म्हशी आहेत. मी आधी हसण्यावारी नेणार होते पण याच्यावर पण अभ्यास आहे. अमेरिकेतले आमिश आणि हटराइट, दोन्ही मूळचे युरोपातून आलेले शेतकरी, वंश जवळचा, खाणं जवळपास तसंच. आमिश लोकांच्या घराला लागून गोठा, पोरं लहानपणापासून त्यात. हटराइट लोकांची शेती मोठी यंत्रांची, घरापासून लांब. २०१६ च्या अभ्यासात आमिश मुलांत दमा ५ टक्के, हटराइट मुलांत २१. घरातल्या धुळीत जिवाणूंचे अंश आमिश घरांत कितीतरी पट जास्त. म्हणजे सासूबाईंच्या बोलण्यात तथ्य आहे, पण सुट्टीत आठ दिवस पोराला गोठ्यात सोडलं की इसब जाईल असं नाही, तो परिणाम गरोदरपणापासून आणि पहिल्या वर्षापासून रोज तिथं राहण्याचा आहे. आणि कच्चं दूध तर मुळीच देऊ नका. हात धुणं सोडा असाही याचा अर्थ नाही, जुलाबानं लेकरं जातात आपल्याकडं, गोठ्यातली धूळ वेगळी आणि घाण पाणी वेगळं.

घरचं दही, ताक, ज्वारीची आंबील, भाकरी, डाळी, पालेभाज्या, हे सगळं त्याला चालू आहे. दह्यानं ॲलर्जी जाते असं कुणी सिद्ध केलेलं नाही आणि मी तसं सांगणार पण नाही, पण पचतंय, आवडतंय, चोथा पोटात जातोय, आणि उन्हाळ्यात रात्री लावलेलं विरजण पहाटेच लागतं. त्याच्या कातडीत आता खूप फरक आहे, चादरीवरचे ठिपके बंद झालेत, आणि तो क्रीमच्या योग्य मापानं आणि मॉइश्चरायझरनं, दोन्ही मिळून त्या किटच्या पाव किमतीत.

किट तरीही घ्यायचंच असेल कुणाला तर पैसे भरायच्या आधी मेलवर लेखी विचारा: तुलना कुठल्या देशातल्या, किती वयाच्या मुलांशी करता, ४० डिग्रीच्या वर नमुना टिकतो याचा पुरावा काय, खाण्याची यादी कुणी डॉक्टर बघतो का, आणि माझ्या मुलाची माहिती किती दिवस ठेवता. शेवटचा प्रश्न मी विचारलाय. फॉर्मच्या बारीक अक्षरात लिहिलंय की डेटा रिसर्चसाठी वापरू शकतो, पोराची जन्मतारीख, आजार, सगळं त्यात आहे. ते काढून टाका म्हणून मेल केलाय, तिकीट नंबर आलाय, उत्तर अजून नाही. आलं की याच रिव्ह्यूत खाली टाकते.